मान दुखतेय: ऑनलाइन फिजिओ घ्यावा की चिपळूण गाठावं?

भरतीओहोटी
नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. शेवटी काय झालं ते येऊन सांगेन, गायब होणार नाही.

पाच आठवडे झाले, मानेची उजवी बाजू धरलीये. सकाळी बरी असते, अकरानंतर ओढ सुरू होते ती थेट फऱ्यापर्यंत. कंपनी पुण्याची, घर गुहागर तालुक्यात, ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल. बाम, शेक, गोळ्या झाल्या. यूट्यूबवर बघून मान गोल फिरवण्याचा व्यायामही दोन आठवडे केला.

कंपनीच्या विम्यात ऑनलाइन फिजिओथेरपीची सहा सेशन्स फुकट आहेत. प्रत्यक्ष जायचं तर चिपळूण. एस्टीने दीड तास जायला, दीड तास यायला, रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. परत येईपर्यंत मान होती तिथेच यायची.

ऑनलाइनने खरंच फरक पडतो का? सासूबाईंचं म्हणणं, "फोननेच मान गेली, ती फोनवर कशी परत येईल?"

खवचट_खोबरं
सासूबाईंना साष्टांग दंडवत. धागा इथेच बंद करावा.

डोंबिवलीकर_७१२
हँडलवरून कळलंच असेल, माझी मान कुठे गेली ते. बारा वर्षं लोकलच्या दारात एका हाताने दांडी धरून, मान एका बाजूला. एके दिवशी सकाळी उठलो तर डावीकडे बघताच येईना. शेजारच्याने हाक मारली की अख्खा वळायचो, रेड्यासारखा.

स्टेशनजवळच्या फिजिओकडे दहा दिवस गेलो. मी मान मान करत होतो, बाईंनी बोटांनी चाचपत चाचपत खांद्याच्या वरच्या कडेला एक गाठ शोधली आणि तिथे अंगठा रोवला. डोळ्यांसमोर कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली सगळी स्टेशनं तरळली. पण चौथ्या दिवशी मान वळली. हे फोनवर कसं होणार? तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला सांगतो, फोटोवरून आंबा पिकलाय की नाही ते सांगता येतं का? दाबून बघावाच लागतो.

माझं मत: चिपळूण.

पेठेतली_मीनल
डोंबिवलीकर, तुम्हाला बाई चांगल्या भेटल्या. माझा अनुभव ऐका.

पुण्यातलं एक क्लिनिक, नाव सांगत नाही. सहा खाटा, मधे हिरवे पडदे. पहिल्या दिवशी सरांनी सात मिनिटं तपासलं. त्यानंतर बारा दिवस सरांचं दर्शन फक्त पैसे देताना. एक मुलगी यायची, मानेला चार चिकटपट्ट्या लावायची, मशीन चालू करायची, "सहन होईल इतकंच ठेवा हं" म्हणायची आणि पलीकडच्या पडद्यात जायची. वीस मिनिटं मुंग्या, दहा मिनिटं शेक, पाचशे रुपये. व्यायाम? एक झेरॉक्स. त्यावरच्या माणसाला चेहराही नव्हता.

म्हणजे "हात लागला पाहिजे" हे मान्य, पण कोणाचा? मला तर चिकटपट्टीचाच लागला.

नंतर कंटाळून ऑनलाइन घेतलं. तिने अर्धा तास, अक्षरशः अर्धा तास, फक्त मला बघितलं. फोन बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाली, हनुवटी आत घ्या. मी घेतली. ती म्हणाली, "तुम्ही खाली बघताय. खाली नाही, मागे. खण ढकलून बंद करता तशी सरळ मागे." झेरॉक्सवर बघून मी तीन आठवडे तोच व्यायाम चुकीचा करत होते!

वाफाळता_चहा
मीनल +१. पडदे, चिकटपट्टी, पाचशे. आमच्याकडे नाशकातही हीच साखळी असावी.

स्नायुस्नेही
सांगलीत चौदा वर्षं फिजिओ म्हणून प्रॅक्टिस करतेय, त्यामुळे गप्प बसवत नाही. दोन्ही बाजू माझ्याच आहेत. दिवसभर क्लिनिक आणि संध्याकाळी तासभर व्हिडिओवर पेशंट.

मीनलताई, तुमची तक्रार खरी आहे. मशीन वाईट नाही, तेवढ्यापुरता आराम देते. पण मानेच्या साध्या जुनाट दुखण्यात टिकाऊ फरक पडतो तो बहुतेक वेळा हालचालीने आणि ताकद वाढवल्याने. मानेच्या पुढच्या बाजूला, घशाच्या मागे, मणक्याला चिकटून छोटे स्नायू असतात. मान दुखायला लागली की ते बरेचदा आळशी होतात आणि वरचे मोठे स्नायू त्यांचं काम करून करून आखडतात. डोंबिवलीकरांना सापडली ती गाठ त्यातलीच. अंगठ्याने ती सैल होते, पण आळशी स्नायू कामाला लागत नाहीत. ते तुम्हालाच करायचं असतं. आणि ते शिकवायला माझे हात लागतातच असं नाही, डोळे मात्र लागतात.

आता दुसरी बाजू. व्हिडिओवर मला हालचाल दिसते, बसण्याची पद्धत दिसते, चेहऱ्यावरचं दुखणं दिसतं. पण गुडघ्यावर, कोपरावर हातोडी मारून प्रतिक्षेप (हात-पाय आपोआप उडतो तो) बघता येत नाही. कापूस फिरवून बधिरपणा शोधता येत नाही. दोन्ही हातांची ताकद माझ्या हाताविरुद्ध जोखता येत नाही. मान विशिष्ट दिशेला झुकवून वरून हलका दाब देण्याची एक चाचणी असते, ती फोनवर करायला सांगूही नये.

म्हणून भरतीओहोटी, आधी याची उत्तरं द्या. दुखणं कोपराच्या खाली येतं का? बोटांना मुंग्या, बधिरपणा? बटण लावताना, पोळी लाटताना हात अडखळतो का? चालताना तोल, लघवीवरचा ताबा ठीक आहे ना? पडणं, अपघात, ताप, विनाकारण वजन उतरणं? मग ठरवू.

खवचट_खोबरं
खी खी. मी विनाकारण वजन उतरण्याची वाट बघतोय गेली वीस वर्षं.

शनिवारवाडा_रविवारी
माझ्या एक्स-रेवर लिहून आलंय, स्पॉन्डिलोसिस. डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आलाय. हे ऑनलाइन व्यायामाने भरून निघेल का?

स्नायुस्नेही
शनिवारवाडा, "गॅप आलाय" हे मी दिवसातून चारदा ऐकते. खरं तर उलट असतं. दोन मणक्यांमधली चकती वयाने सुकते आणि त्यांच्यातलं अंतर कमी होतं. स्पॉन्डिलोसिस म्हणजे हीच झीज, केस पांढरे होण्यासारखी. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ती दिसते आणि त्यांची मान अजिबात दुखत नसते. त्यामुळे एक्स-रेवर उपचार करू नका, मानेवर करा. आणि आपल्याकडे सरसकट "स्पॉन्डिलायटिस" म्हणतात तो वेगळा, सुजेचा आजार आहे.

अनिवासी_अण्णा
इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये प्रश्न वेगळा आहे. फुकट आहे, पण रांग. माझ्या मानेसाठी आधी फोनवर फिजिओ बोलली. व्हिडिओसुद्धा नाही, नुसता आवाज! वीस मिनिटं प्रश्न विचारले, व्यायामाची माहिती पाठवली, तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. प्रत्यक्ष कधी गेलोच नाही. सहा आठवड्यांत ऐंशी टक्के बरा.

यावर इंग्लंडमध्ये मोठा अभ्यासही झालाय, निष्कर्ष २०१३ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. सव्वादोन हजारांच्या आसपास पेशंट, मान, पाठ, गुडघे सगळं धरून. एका गटाला आधी फोनवर तपासणी आणि सल्ला, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे रांगेत उभं करून प्रत्यक्ष. गुण दोघांना सारखाच आला. फोनवाल्यांचा नंबर साधारण ७ दिवसांत लागला, रांगवाल्यांचा ३४ दिवसांत. फोनवाल्यांतल्या निम्म्याजवळ लोकांचं काम फोनवरच भागलं. गंमत अशी की गुण सारखा येऊनही फोनवाले किंचित कमी समाधानी होते.

डोंबिवलीकर_७१२
अण्णा, तेच तर! अंगठा हवा असतो माणसाला.

पेठेतली_मीनल
पण तिकडे पर्याय ३४ दिवसांची रांग होता. आपल्याकडे गल्लीत तीन फिजिओ आहेत. तुलना जुळत नाही.

अनिवासी_अण्णा
गल्ली पेठेत असेल. धागाकर्ती गुहागरात आहे, ताई. तिची रांग म्हणजे एस्टी.

पेठेतली_मीनल
बरं, हे मान्य.

वाफाळता_चहा
फिजिओवर एवढी चर्चा आणि आमच्या केशकर्तनालयाचं नावच नाही? दाढी, चंपी, मग हनुवटीला एक हात, डोक्याला एक हात आणि कडाड! दहा रुपये जास्त. प्रत्यक्ष उपचार म्हणजे हा.

स्नायुस्नेही
अहो नका हो करू हे. हसण्यावारी नेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. असा अचानक झटका बसला तर क्वचित त्यांची आतली भिंत फाटते आणि पक्षाघात होऊ शकतो. क्वचितच, पण दहा रुपयांत एवढा धोका का घ्यायचा? चंपी करा, मालिश करा, मान मोडू नका.

वाफाळता_चहा
बापरे. उद्यापासून फक्त दाढी.

मोरपिशी_मफलर
सगळ्या दुखण्याचं मूळ मोबाइल. मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो वजन येतं. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मी हे चित्र घरातल्या सगळ्यांना पाठवलं.

शनिवारवाडा_रविवारी
घरातल्या सगळ्यांनी ते मान वाकवूनच पाहिलं असणार.

अनिवासी_अण्णा
मफलर, ते २०१४ सालचं. अमेरिकेतल्या एका शल्यविशारदाने संगणकावर मॉडेल करून काढलेला आकडा आहे, खऱ्या माणसांवर मोजून नव्हे. शिवाय भार वाढला म्हणजे इजा झालीच असं कुठे आहे? आमची आजी एकावर एक दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीवरून यायची, बोलत बोलत.

मोरपिशी_मफलर
तुमच्या आजीची मान दुखत नव्हती हे तुम्हाला कसं माहीत? तिला कोणी विचारलं होतं?

अनिवासी_अण्णा
...नाही विचारलं. मुद्दा आहे.

कोयनाकाठची
उशी बदला. मी उशी काढून टाकली, पंचाची गुंडाळी करून मानेखाली घेते. दोन दिवसांत फरक.

खवचट_खोबरं
उशीचा धागा वेगळा आहे, त्यावर ३१२ प्रतिसाद आहेत आणि अजून निकाल लागलेला नाही. इकडे आणू नका.

निळी_शाई
मी सहसा लिहीत नाही, पण स्नायुस्नेहींनी जे प्रश्न विचारलेत ते हसत सोडून देऊ नका, एवढ्यासाठी लिहितोय.

वडील ६८ वर्षांचे. मान अवघडली म्हणून मीच एका अ‍ॅपवर त्यांना ऑनलाइन व्यायाम लावून दिला. चांगला गोड बोलणारा मुलगा होता. तीन महिने. मान थोडी मोकळी झाली, आम्ही खूश. दरम्यान बाबा सदऱ्याची बटणं आईकडून लावून घ्यायला लागले. आम्हाला वाटलं लाड. चप्पल पायातून निसटायची, आम्हाला वाटलं चप्पल सैल. त्या मुलाला दर वेळी बाबा खुर्चीत बसलेले, छातीपर्यंत दिसायचे. त्यांना चालताना त्याने कधी बघितलंच नाही. आणि सांगायचं असतं हे आम्हालाही कळलं नाही.

शेवटी न्यूरोवाल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत ओळखलं. चकती आणि हाडाची वाढ यांनी मज्जारज्जू दाबला जात होता. शस्त्रक्रिया झाली. आता ठीक आहेत, पण सही पूर्वीसारखी येत नाही. बँकेत दर वेळी वाद.

ऑनलाइनचा दोष असं मी म्हणत नाही. कदाचित पडद्यांच्या क्लिनिकमध्येही सुटलं असतं. पण तिथे निदान दारातून खाटेपर्यंत चालत गेले असते.

डोंबिवलीकर_७१२
निळी शाई, वाचून गलबललो. बाबांना नमस्कार सांगा.

स्नायुस्नेही
शेवटचं वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. व्हिडिओवर मी पहिल्यांदा पेशंटला खोलीभर चालायला लावते, फोन कोणाला तरी धरायला सांगून. आणि साठीपुढच्यांना पहिली भेट प्रत्यक्षच. आणखी एक, ऑनलाइन असो की गल्लीतला, समोरचा माणूस राज्याच्या परिषदेत नोंदणी केलेला भौतिकोपचारतज्ज्ञ (म्हणजे फिजिओथेरपिस्ट) आहे का, हे विचारा. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. "फिटनेस कोच" वेगळा.

भरतीओहोटी
सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहू की नको करत होते. निळी शाईंचं वाचून लिहितेय.

स्नायुस्नेहीताई, तोल वगैरे सगळं ठीक आहे, पडले नाही, ताप नाही. पण उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. तीन आठवडे तरी झाले. मला वाटलं माउसमुळे. आणि मान मागे टाकून गोल फिरवली की जास्त येतात. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण तो वेगळा प्रॉब्लेम वाटला.

स्नायुस्नेही
मान गोल फिरवणं आत्ता बंद. आणि चिपळूण. या आठवड्यातच. घाबरू नका, अंगठा आणि तर्जनी म्हटलं की मानेतली सहावी नस आधी आठवते, आणि बहुतेकांचं हे काही आठवड्यांत-महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय शमतं. पण ताकद आणि प्रतिक्षेप कोणीतरी हाताने तपासायलाच हवेत. हात लुळा पडतोय असं वाटलं तर आठवड्याचीही वाट बघू नका.

डोंबिवलीकर_७१२
चिपळूण! चिपळूण! मी आधीच म्हटलं होतं.

पेठेतली_मीनल
तुम्ही अंगठ्यासाठी म्हटलं होतं, डोंबिवलीकर. हातोडीसाठी नाही.

भरतीओहोटी
सोळा दिवसांनी परत आलेय, वचनाप्रमाणे.

चिपळूणला गेले. एस्टीत उभं राहावं लागलं नाही, नशीब. फिजिओ सर वयस्कर, पडदे होते पण तीनच. त्यांनी पाऊण तास घेतला. मान किंचित मागे आणि उजवीकडे झुकवून वरून अगदी हलकं दाबलं तर अंगठ्यापर्यंत सणक गेली, ओरडलेच मी. कोपराजवळ हातोडी मारली तर उजवा हात डाव्यापेक्षा थोडा मंद उडाला. ताकद मात्र दोन्हीकडे सारखी. त्यांनी लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, नस चिडलीये, ताकद शाबूत आहे म्हणून एमआरआयची घाई नको, सहा आठवडे बघू, हात कमजोर वाटला तर त्याच दिवशी या. यूट्यूबवरचं ते गोल फिरवणं मी रोज करत होते आणि रोज त्या नसेला डिवचत होते.

आता मजा. सर स्वतःच म्हणाले, "दर दोन दिवसांनी एवढ्या लांब येऊन मानेला धक्के देऊ नका. पंधरा दिवसांनी तपासायला या, मधे तुमचं ते ऑनलाइन घ्या." त्यांनी एका कागदावर काय करायचं, काय नाही ते लिहून दिलं, मी त्याचा फोटो ऑनलाइनवाल्या मुलीला पाठवला.

पहिल्या सेशनला तिने चालायला लावलं (इथे वाचते की काय?). मग म्हणाली, "तुम्ही काम कुठे करता ते दाखवा, आहे तसं, आवरू नका." सासूबाईंनी फोन धरला. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि विचारलं, "लॅपटॉप असा तिरका का ठेवलाय?"

टेबल भिंतीला, चार्जरचा प्लग उजव्या कोपऱ्यात, वायर तोकडी. म्हणून लॅपटॉप उजवीकडे, मी समोर. दिवसाचे नऊ तास मी उजवीकडे वळून बघत होते. चिपळूणच्या सरांनी विचारलं होतं, "बसता कशा?" मी सांगितलं, "सरळ." खोटं नव्हतं, मला तसंच वाटत होतं.

मुंग्या निम्म्याने कमी आहेत. फऱ्याची ओढ संध्याकाळी येते, पूर्वीसारखी अकराला नाही. एकदा नेटवर्क गेलं आणि ती "आता हळूच डावीकडे..." म्हणून गोठली. मी दीड मिनिट डावीकडे बघत बसले होते.

निळी_शाई
वाचून बरं वाटलं. खरंच.

अनिवासी_अण्णा
तोकडी वायर! सगळे अभ्यास एकीकडे.

खवचट_खोबरं
मुख्य प्रश्न अनुत्तरित आहे. सासूबाईंचं आता काय म्हणणं?

भरतीओहोटी
फोन धरून धरून त्यांना सगळे व्यायाम पाठ झालेत. तांदूळ निवडताना स्वतः हनुवटी मागे घेऊन बसतात आणि स्वयंपाकघरातून मला ओरडतात, "खण बंद कर!" (मीनलताई, तुमचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं होतं.) मान फोनवर परत येते हे मात्र अजून मान्य नाही. त्यांच्या मते मान एक्स्टेन्शन बोर्डाने परत आली.

डोंबिवलीकर_७१२
अवांतर: किती मीटरचा घेतलात? माझं टेबलही कोपऱ्यात आहे.

भरतीओहोटी
पाच. तीनचा घेऊ नका, पुरत नाही.